शीतकपाटातील दहिवर आणि बर्फ : लक्षणे, निदान व परिभाषा

१. विषयप्रवेश

घरगुती शीतकपाट हे आता महाराष्ट्रातील शहरांत व बऱ्याचशा खेड्यांतही नित्याच्या वापरातील उपकरण झाले आहे. त्याच्यासंबंधी सर्वांत अधिक वेळा ऐकू येणारी तक्रार एकाच वाक्यात मांडली जाते : ‘फ्रीजमध्ये बर्फ फार जमतो.’ या वाक्याला मिळणारे उत्तरही बहुधा ठरलेले असते : ‘गॅस कमी झाला असेल’. त्यानंतर गॅस भरला जातो, पैसे दिले जातात, आणि पंधरवड्याने बर्फ पुन्हा जमू लागतो. येथे तक्रार खोटी नसते व उत्तर देणाराही दरवेळी अप्रामाणिक नसतो. अडचण अशी असते की, एकाच शब्दाखाली तीन-चार भिन्न घटना एकत्र आलेल्या असतात आणि त्या प्रत्येकीचे कारण वेगळे असते.

ही बाब केवळ गैरसोयीची नाही. अनेक घरांत याच कपाटात मधुमेही माणसाचे इन्शुलिन ठेवलेले असते. ते २ ते ८ अंश सेल्सियस या मर्यादेत राहावे लागते, आणि एकदा गोठले की ते वापरण्याजोगे राहत नाही. बर्फाने वेढलेल्या कपाटात ही मर्यादा दोन्ही बाजूंनी मोडू शकते. शीतकप्प्याला चिकटलेली कुपी गोठते, तर हवेचा मार्ग बुजलेल्या कपाटात दारातील कुपी उबदार होते. म्हणून ‘बर्फ जमतो’ या वाक्यातील ‘बर्फ’ म्हणजे नेमके काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. प्रस्तुत लेखात प्रथम शब्दांचा, मग यंत्राचा आणि शेवटी निदानाच्या क्रमाचा विचार केला आहे.

२. एक शब्द, दोन पदार्थ

‘बर्फ’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. मूळ भाषेत त्याचा अर्थ आकाशातून पडणारे हिम असा आहे. गोठलेल्या पाण्यासाठी फारसीत ‘यख’ हा निराळा शब्द आहे. मराठी मुलखात हिमवृष्टी होत नाही. तेव्हा हा शब्द येथे रुळल्यावर तो कारखान्यातील लादी, सरबतातील खडे आणि हिमालयावरील हिम या सर्वांना सरसकट लागू झाला. गोठलेल्या पाण्याच्या दोन रूपांत भेद करण्याची निकड दैनंदिन जीवनात नव्हती, म्हणून तो भेद बोलण्यातून पुसला गेला.

तथापि मराठीजवळ या भेदासाठी शब्द नाही असे मात्र नाही. पहाटे गवतावर साचणारे पाणी ते ‘दव’, आणि अतिथंडीत पृष्ठभागावर धरणारा पांढरा गोठलेला थर ते ‘दहिवर’, असा भेद भूगोलाची शालेय पुस्तके करतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाच्या परिसरात काही हिवाळ्यांत हा थर दिसतो. ‘हिम’ या संस्कृत शब्दाची संतती ‘हिवाळा’, ‘हीव’, ‘हिवताप’ या रूपांनी घरोघर वावरते, परंतु तिच्यात गारठ्याचा अर्थ उरला आहे, पदार्थाचा नाही. ‘तुषार’ या शब्दाची गतीही अशीच झाली आहे. संस्कृतात त्याला हिम व दहिवर हाही अर्थ होता. आजच्या मराठीत तो पाण्याच्या बारीक शिंतोड्यांपुरता राहिला असून शेतकरी त्याला तुषारसिंचनामुळे ओळखतो.

शीतकपाटाच्या बाबतीत ‘दहिवर’ आणि ‘बर्फ’ यांतील भेद हा निदानाचा पाया आहे. हवेतील अदृश्य बाष्प थंड पृष्ठभागावर मध्ये पाणी न होता थेट गोठते, तेव्हा दहिवर तयार होते. ते पांढरे, भुसभुशीत, कणीदार असते आणि बोटाने खरवडले तर झडते. उलटपक्षी, द्रवरूप पाणी एके ठिकाणी साचून गोठले की बर्फ होतो. तो कठीण, गुळगुळीत, पुष्कळदा काचेसारखा पारदर्शक असतो व लादीप्रमाणे बसतो. दहिवर दिसले तर हवेचा शोध घ्यावा, बर्फ दिसला तर पाण्याचा शोध घ्यावा. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर अर्धे निदान घरातच होते.

३. दहिवर का धरते

हवेत मावणारे बाष्प तापमानावर अवलंबून असते. ३० अंशांची संपृक्त हवा दर घनमीटरला सुमारे ३० ग्रॅम बाष्प धारण करते. ४ अंशांना हे प्रमाण ६ ग्रॅमच्या आसपास उतरते आणि उणे १८ अंशांना जेमतेम १ ग्रॅम राहते. दार उघडले की थंड व जड हवा खालून बाहेर वाहते आणि तिची जागा खोलीतील हवा घेते. या हवेला कपाटात आपले बहुतेक बाष्प टाकून द्यावे लागते आणि ते सर्वांत थंड पृष्ठभागावर जाऊन बसते.

हिशेब साधा आहे. जुलै महिन्यात मुंबईच्या अथवा रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात ३० अंश तापमान व ८० टक्के आर्द्रता असेल, तर हवेच्या प्रत्येक घनमीटरात सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २०० लिटरच्या कपाटातील हवा एकदा पूर्णपणे बदलली, तर साडेतीन ग्रॅमांच्या आसपास पाणी आत राहते. दिवसात ३० वेळा असे झाले तर ते १०० ग्रॅमांवर जाते. प्रत्यक्षात दर वेळी सगळी हवा बदलत नाही, पण परिमाणाची कल्पना यावरून येते. याच्या उलट मे महिन्यात नागपूरला ४२ अंश तापमान व २० टक्के आर्द्रता असताना हवेत घनमीटरमागे सुमारे ११ ग्रॅमच बाष्प असते. खोली कितीतरी अधिक तापलेली असूनही दहिवराचा भार निम्म्याहून कमी होतो. कोकणातील पावसाळा शीतकपाटाला विदर्भाच्या उन्हाळ्यापेक्षा या एका बाबतीत अधिक जाचक का ठरतो, ते यावरून कळते.

दहिवराचे दुष्परिणाम दोन. एक, १ ग्रॅम पाणी गोठताना सुमारे ३३४ जूल उष्णता बाहेर पडते, पण १ ग्रॅम बाष्प थेट गोठताना सुमारे २,८०० जूल उष्णता सुटते. ही उष्णता काढून टाकण्याचे काम यंत्रावर पडते. दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. दहिवराच्या कणांमध्ये हवा कोंडलेली असल्यामुळे ते उष्णतेचे वाईट वाहक असते. भरीव बर्फाच्या मानाने त्याची वाहकता साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. म्हणजे थंडावा देणाऱ्या धातूवर जणू गोधडी चढते. ‘बर्फ भरपूर म्हणजे फ्रीज जोरात’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. थर जितका जाड, तितका अन्नापर्यंत पोचणारा थंडावा कमी आणि कॉम्प्रेसर चालण्याचा काळ अधिक.

४. एकदारी शीतकपाट

एका दाराच्या साध्या कपाटात बर्फाचा कप्पा हाच थंडावा देणारा भाग असतो. ॲल्युमिनियमच्या दोन पत्र्यांमध्ये नलिका काढलेल्या असतात व त्यांतून शीतक वायू वाहतो. या रचनेत दहिवर धरणे हा दोष नाही, तो तिचा धर्म आहे. थर ५-६ मिलिमीटरांचा झाला की तो उतरवावा, एवढीच अपेक्षा असते. त्यासाठी तापमानाच्या बटणाच्या मध्यभागी एक कळ असते. ती दाबली की कॉम्प्रेसर थांबतो, थर वितळतो आणि कप्प्याचे तापमान शून्याच्या पुरेसे वर गेले की कळ आपोआप बाहेर येऊन यंत्र पुन्हा सुरू होते.

अडचण निर्माण होते ती थर अपेक्षेपेक्षा लवकर धरू लागला म्हणजे. आठ-दहा दिवसांतच कप्पा पांढरा होत असेल तर पुढील कारणे क्रमाने तपासावीत.

पहिले, बर्फाच्या कप्प्याचे लहान झाकण. ते तुटलेले, बिजागरीतून निखळलेले अथवा थरामुळे अर्धवट उघडे राहिलेले असते. तुटलेले झाकण काढून ठेवून तसेच दिवस काढण्याची सवय अनेक घरांत आढळते. कारणांपैकी हे सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षित कारण होय.

दुसरे, दाराचे रबर. कागदाची चिठ्ठी दारात धरून दार लावावे व ती ओढावी. ती अडखळत आली तर रबर ठीक आहे, अलगद निसटली तर त्या जागी फट आहे. चारही बाजूंनी अशी परीक्षा घ्यावी. पुष्कळदा रबर झिजलेले नसते, त्याच्या घड्यांत तेलकट मळ साचलेला असतो, आणि कोमट साबणाच्या पाण्याने पुसले की ते पूर्ववत बसते. कपाट किंचित मागे झुकलेले असावे, म्हणजे दार आपल्या भाराने मिटते.

तिसरे, आत जाणारे पाणी. उघडे पातेले, न झाकलेली आमटी, वाफ निवण्याआधी ठेवलेला भात आणि धुऊन न निथळलेली पालेभाजी ही सारी दहिवराची खाणच होत.

चौथे, तापमानाचे बटण. थर जाड झाल्यामुळे खालचे कप्पे पुरेसे थंड होत नाहीत, म्हणून बटण आणखी पुढे फिरवले जाते. त्यामुळे यंत्र अधिक वेळ चालते व थर आणखी वाढतो. या चक्रातून सुटण्याचा मार्ग एकच : सर्व थर उतरवावा व बटण मध्यावर ठेवावे.

यानंतर ‘गॅस’चा विचार. शीतक वायू कमी झाल्याची खूण बर्फ वाढण्यात सहसा नसते, ती त्याच्या असमान वाटणीत असते. कप्प्याच्या एका कोपऱ्यात दाट दहिवर आणि उरलेला पृष्ठभाग कोरडा किंवा नुसता ओलसर असेल, तर वायू कमी असल्याचा संशय रास्त आहे. चारही बाजूंना सारखा थर असेल तर तो संशय सहसा निराधार असतो. शिवाय हा वायू बंद नळ्यांतून फिरतो, तो वापराने संपत नाही. कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला वायू पुन्हा निघून जातो.

५. ‘फ्रॉस्ट-फ्री’ या नावाचा अर्थ

दोन दारांच्या कपाटांवर ‘फ्रॉस्ट-फ्री’ असे लिहिलेले असते. त्यावरून आत दहिवर धरतच नाही असा अर्थ ग्राहक घेतो. हा शब्दार्थ बरोबर असला तरी वस्तुस्थिती निराळी आहे. दहिवर येथेही धरतेच. फक्त ते डोळ्यांआड, बर्फाच्या कप्प्याच्या मागील आच्छादनामागे असलेल्या नळ्यांच्या जाळीवर धरते. या जाळीला कारागीर ‘कॉइल’ म्हणतात. एक लहान पंखा तिच्यावरून हवा फिरवतो आणि ती थंड हवा एका पन्हळीतून खालच्या कप्प्यात सोडली जाते. ठरावीक कालावधीने यंत्र स्वतःच कॉम्प्रेसर थांबवते, जाळीखालची तापनतार तापवते आणि दहिवर वितळवून टाकते. तेव्हा ‘आपोआप दहिवर उतरवणारे’ हे या कपाटाचे यथार्थ वर्णन होईल.

हे काम तीन घटकांवर अवलंबून असते : वेळ ठरवणारा टायमर किंवा नवीन कपाटांतील इलेक्ट्रॉनिक पाटी, प्रत्यक्ष तापणारा हीटर, आणि जाळी पुरेशी उबदार होताच हीटर बंद करणारा तापनियंत्रक. अतितापापासून संरक्षणासाठी बहुधा एक फ्यूजही असतो. यांपैकी कोणताही एक दुवा तुटला की दहिवर वितळत नाही, दिवसेंदिवस चढत जाते आणि हवेचा मार्ग बुजवते.

लक्षणांचा क्रम येथे फसवा असतो. बर्फाचा कप्पा जाळीला लागून असल्यामुळे काही दिवस थंडच राहतो, परंतु खालच्या कप्प्यात हवा पोचत नाही, म्हणून दूध नासू लागते. वर बर्फ घट्ट आणि खाली दूध नासलेले, हे दृश्य पाहून घरातील माणसे दुधाला किंवा विजेला दोष देतात. पाठोपाठ बर्फाच्या कप्प्याच्या मागील भिंतीवर पांढरा थर दिसू लागतो, आणि पंख्याची पाती बर्फाला घासून खरखर ऐकू येते. ही तिन्ही लक्षणे एकत्र आढळली तर दोष जवळजवळ निश्चितपणे दहिवर उतरवण्याच्या यंत्रणेत आहे.

याची खात्री घरी करता येते. सामान दुसरीकडे हलवून वीज बंद करावी व दारे उघडी ठेवून कपाट पूर्ण एक दिवस तसेच राहू द्यावे, कारण आच्छादनामागील थर दिसत नसला तरी तो सावकाश वितळतो. नंतर सुरू केल्यावर कपाट उत्तम चालले आणि आठवडा-पंधरवड्यात तीच लक्षणे परतली, तर कॉम्प्रेसर व वायू निर्दोष असून हीटर, टायमर किंवा तापनियंत्रक यांपैकी एकाची तपासणी हवी. पूर्ण वितळल्यानंतरही थंडावा येत नसेल, तर मात्र दोष पंखा, वायू अथवा कॉम्प्रेसर यांकडे शोधावा. मीटर लावून हीटर व तापनियंत्रक तपासणे हे जाणकार कारागिराचे काम आहे. परंतु त्याला हे निरीक्षण सांगितले तर त्याचा शोध पहिल्याच पायरीवर योग्य दिशेने वळतो.

६. पाण्याची वाट

दहिवर वितळून झालेले पाणी एका छिद्रातून नळीत व नळीतून मागे कॉम्प्रेसरवरील थाळीत उतरते. तेथे ते कॉम्प्रेसरच्या उबेने सुकते. हे छिद्र कोथिंबिरीचे पान, भाताचे शीत किंवा प्लॅस्टिकचा तुकडा अडकून बुजले की पाणी तुंबते. बर्फाच्या कप्प्याच्या तळाशी पारदर्शक लादी तयार होणे, किंवा भाजीच्या खणाखाली रोज पाणी साचणे, ही त्याची लक्षणे होत. दाराचे रबर बदलून किंवा वायू भरून हा दोष कधीच जात नाही. लादी वितळवून छिद्रात पिचकारीने कोमट पाणी हलक्या दाबाने सोडावे. ते मागील थाळीत उतरले म्हणजे वाट मोकळी झाली असे समजावे.

थाळीकडेही पाहणे आवश्यक आहे. पावसाळ्यात तिच्यातील पाणी पुरते सुकत नाही, आणि डेंग्यूचा प्रसार करणारा एडिस डास अशाच स्वच्छ व साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. थाळी काढता येण्याजोगी असेल तर ती आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावी.

७. वर्ज्य गोष्टी

थर सुरीने, उलथन्याने किंवा पेचकसाने फोडू नये. एकदारी कपाटातील ॲल्युमिनियमचा पत्रा पातळ असतो, आणि त्याला पडलेले टाचणीएवढे छिद्र म्हणजे कपाटाच्या सर्वांत खर्चिक दुरुस्त्यांपैकी एक होय. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ओझोनच्या थराला हानी पोचवणारे जुने शीतक टप्प्याटप्प्याने मागे पडले. आजच्या अनेक घरगुती कपाटांत आयसोब्युटेन वापरतात. त्याचे प्रमाण अल्प असले तरी तो ज्वालाग्राही आहे. पत्र्याला छिद्र पडून फुसफुस ऐकू आली तर विजेचे कोणतेही बटण न दाबता खिडक्या उघडाव्यात, जवळ ज्योत असू नये आणि काही वेळ खोलीबाहेर राहावे.

घाई असल्यास वीज काढून कप्प्यात जाड कापडावर कोमट पाण्याचे भांडे ठेवावे व समोर साधा पंखा लावावा. केस वाळवण्याचे यंत्र ओल्या जागी वापरणे धोक्याचे आहे. कपाट पुन्हा सुरू करण्यापूर्वी आतील भाग कोरडा पुसावा. केवळ थोड्या वेळासाठी वीज बंद केली असेल तर निदान पाच मिनिटे थांबावे, कारण नळ्यांतील दाब समान होण्याआधी सुरू केलेल्या कॉम्प्रेसरवर अकारण ताण येतो. दरम्यान दूध, शिजवलेले अन्न व औषधे दुसऱ्या थंड जागी असावीत. इन्शुलिन बर्फाला चिकटून ठेवू नये. कापडात गुंडाळून बर्फापासून वेगळे ठेवावे.

८. तक्रारीची भाषा

वरील विवेचनाचे सार तक्रार मांडण्याच्या पद्धतीत उतरवता येते. ‘बर्फ जमतो’ या एका वाक्याऐवजी चार गोष्टी सांगाव्यात : काय जमते, कोठे जमते, किती दिवसांत जमते, आणि खालचा कप्पा थंड आहे की नाही. ‘बर्फाच्या कप्प्यात चहूकडे भुसभुशीत दहिवर आठवड्यात धरते, खाली थंड आहे’ हे वर्णन झाकण व रबर यांकडे बोट दाखवते. ‘मागच्या भिंतीवर पांढरा थर, खाली दूध नासते, पंखा खरखरतो’ हे हीटर किंवा टायमर यांच्याकडे नेते. ‘तळाशी काचेसारखी लादी आणि भाजीच्या खणात पाणी’ हे तुंबलेल्या छिद्राचे वर्णन झाले. ‘एकाच कोपऱ्यात दहिवर, बाकी कोरडे’ हे मात्र शीतक वायूचे.

या चारही वाक्यांत एकही पारिभाषिक शब्द नाही. ‘भुसभुशीत’, ‘लादी’, ‘थर’, ‘खरखर’, ‘धरणे’, ‘तुंबणे’ हे सर्व शब्द स्वयंपाकघरात आधीपासून आहेत. ‘डीफ्रॉस्ट’ या शब्दाला आता हरकत घेण्याचे कारण नाही, तो रुळला आहे. मात्र गोठलेले अन्न सैल करणे आणि कपाटातील थर उतरवणे या दोन्ही क्रियांना तो लावला जातो. म्हणून दुसऱ्या क्रियेसाठी ‘दहिवर उतरवणे’ असे म्हटल्यास संदिग्धता टळेल, आणि उतरवायचे ते काय हेही त्या शब्दातच सांगितले जाईल.

यंत्राच्या दुरुस्तीत भाषेचा वाटा मर्यादितच असतो. तापनतार तुटली असेल तर ती शब्दांनी जोडली जात नाही. परंतु कोणती तार पाहायची हे ठरवण्यापूर्वी जे दिसते त्याला त्याचे नाव द्यावे लागते. दहिवराला दहिवर आणि बर्फाला बर्फ म्हटले, तर पुष्कळ घरांतील अकारण भरलेला वायू, नासलेले दूध आणि वाया गेलेले औषध वाचू शकेल.